घरसामान जहाजाने परदेशी पाठवताना : कस्टम्स, तपासणी आणि आमचं सत्तावीस नंबरचं खोकं

शेवंती

गेल्या वर्षी पुण्यातलं घर आवरून आम्ही मेलबर्नला आलो. निघायच्या आधी मी खूप शोधाशोध केली होती. विमानातल्या बॅगांबद्दल हवं तेवढं सापडलं, पण जहाजाने घरसामान पाठवण्याबद्दल सलग असं कुठेच मिळालं नाही. म्हणून हा धागा. मी आमचं लिहिते, इतर देशांत गेलेल्यांनी आपापलं लिहा.

पहिल्यांदा ड्यूटीची भीती काढून टाकते, कारण आम्ही दोन महिने उगाच तिच्यावरच चर्चा केली. वापरातल्या घरसामानाला ऑस्ट्रेलियात ड्यूटीही नाही आणि जीएसटीही नाही. अट एवढीच की ती वस्तू इकडे यायला निघण्याआधी किमान १२ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असली पाहिजे. त्याहून नवी असेल तर बहुतेक वस्तूंवर ५ टक्के ड्यूटी आणि वर १० टक्के जीएसटी. त्यामुळे 'जाताच आहात तर सगळं नवंकोरं इथूनच घेऊन जा' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आमच्या नात्यातल्या चार जणांनी तो दिला. माझा नऊ वर्षांचा मिक्सर आणि सासूबाईंचं पुरणयंत्र विनासायास आलं. विचारणा झाली ती निघायच्या दोन महिने आधी घेतलेल्या डिनर सेटबद्दल.

कागद फार नाहीत. बी ५३४ नावाचा फॉर्म असतो, सोबत न आणलेल्या वैयक्तिक सामानाचं निवेदन. त्याच्याबरोबर पासपोर्टची प्रत आणि सामानाची यादी. इकडे पोचल्याची तारीख फॉर्मवर लिहावी लागते. प्रश्न साधे आहेत पण नेमके आहेत : लाकूड आहे का, खाद्यपदार्थ आहेत का, बिया, पिसं, कातडं, माती लागलेल्या वस्तू आहेत का, खोकी कोणी भरली. प्रत्येकाचं उत्तर खरं द्या. 'हो' लिहिल्याने सामान अडत नाही. ते उघडून बघतात, इतकंच.

आता सत्तावीस नंबर.

आमची एकूण ४१ खोकी. सत्तावीसपुढे मी यादीत लिहिलं होतं 'साड्या व कापड'. न्हावा शेवा सोडल्यापासून सामान इकडच्या गोदामात यायला सात आठवडे लागले. मग एक दिवस ईमेल आली, सोबत फोटो. एका पांढऱ्या टेबलावर माझा हिरवा खण उलगडून ठेवलेला, शेजारी मोजपट्टी, आणि घडीच्या रेषेत आठ-दहा तांदळाचे दाणे. त्यातले दोन-तीन अजून हळदीने पिवळे.

ती ओटीची पिशवी होती. लग्नापासून ज्यांनी ज्यांनी ओटी भरली त्यांचे खण मी एका पिशवीत साठवत आले. नारळ, फळं त्या त्या वेळी काढली जातात. तांदूळही काढतो आपण, पण झटकून. घडी पूर्ण उलगडून बघत नाही कोणी. त्या पिशवीत तळाशी एक हळकुंड आणि थोडे गहूसुद्धा निघाले.

मी फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय नीट बोलल्या. खासगी सामानातून तांदूळ आणायला बंदी आहे, मग दहा किलो असोत की दहा दाणे, आणि कुठल्याही देशातून. कारण विचारलं तर त्यांनी एका किड्याचं नाव घेतलं. मला कळेना. मी म्हटलं, एकेक अक्षर सांगता का. त्यांनी सांगितलं तेव्हा लक्षात आलं, हा तर आपला खपरा! आजी तांदळाच्या कणगीपाशी बसून ज्याच्या नावाने बोटं मोडायची तोच.

पर्याय तीन होते : स्वखर्चाने प्रक्रिया करून घ्या, परत पाठवा किंवा नष्ट करू द्या. दाणे, हळकुंड नष्ट करायला आणि बाकी कापडावर प्रक्रिया करायला मी संमती दिली. तीन आठवडे गेले, तपासणीची आणि प्रक्रियेची फी गेली. खण परत आले. चूक माझीच होती. 'खाद्यपदार्थ' या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं होतं आणि तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं.

म्हणून पोटतिडकीने सांगते, पॅकर यायच्या आधी घरातली प्रत्येक घडी स्वतः उलगडा. शालू, पैठणी, खण, देव्हाऱ्याचा खण (ड्रॉवर या अर्थी), मुंडावळ्यांची डबी, बाळंतविड्याची पेटी. आपल्या घरात अक्षता कुठे कुठे असतात हे शोधायला बसल्याशिवाय कळत नाही.

---

धान्यकोठार

राहुरीला कृषी शिकलो, कीटकशास्त्र हाच विषय होता, म्हणून खपऱ्याबद्दल लिहितो. हे वाचल्यावर 'दहा दाण्यांसाठी एवढं?' असं कोणाला वाटू नये.

खपरा भुंगेरा मूळचा भारतीय उपखंडातला. वीट-कौलांच्या फटीत, खापराखाली दडून बसतो म्हणून हे नाव, आणि जगभर तो याच नावाने ओळखला जातो. प्रौढ भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तो फारसं खातही नाही. नुकसान करते अळी. तपकिरी, केसाळ. दाण्याचा अंकुराचा भाग ती आधी खाते आणि मागे कातींचा भुसा ठेवते. ते केस धान्यात मिसळले की धान्य खाण्यालायक राहत नाही.

खरी अडचण पुढे आहे. अन्न नसलं, परिस्थिती वाईट असली की ही अळी सुप्तावस्थेत जाते आणि फटीत न खाता-पिता काही वर्षंसुद्धा काढते. त्या अवस्थेत औषधांनाही सहज दाद देत नाही. म्हणजे तुम्ही २०१९ मध्ये ओटीतून काढलेल्या तांदळाबरोबर आलेली अळी २०२४ मध्ये ट्रंकेच्या कडेत जिवंत असू शकते.

अमेरिकेत १९५३ मध्ये हा कॅलिफोर्नियात सापडला, तेव्हा आख्खी गोदामं ताडपत्रीने झाकून धुरी द्यावी लागली. ती मोहीम वर्षानुवर्षं चालली. ऑस्ट्रेलिया गहू निर्यात करून पैसा कमावणारा देश. त्यांच्याकडे हा अजून वसलेला नाही, आणि वसला तर गहू घेणारे देश हात आखडता घेतील. २०२० मध्ये तिकडे कॅनबेरात आयात फ्रिजबरोबर तो निघाला होता. त्याच वर्षी प्रवासी, टपाल आणि जहाजाने येणारं घरसामान या तिन्ही वाटांनी त्यांनी जोखमीच्या धान्यांना बंदी घातली.

यादीत आपलं आख्खं स्वयंपाकघर आहे : तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, चवळी, वाटाणा, सोयाबीन, शेंगदाणे, करडई, जिरे, धने, बडीशेप, वाळलेल्या मिरच्या. आणखीही आहेत. सामानात काही खायचं पाठवूच नये हे उत्तम.

---

मनवा

शेवंतीताई, तुमचा धागा देवासारखा धावून आला. आम्ही नाशिकहून दोन महिन्यांत ब्रिस्बेनला निघतोय. माझे प्रश्न एकदम विचारते, रागावू नका.

१. मिरजेचा तानपुरा आहे, माझ्या गुरूंनी दिलेला. भोपळा असतो, तो चालेल का?
२. तबल्याची जोडी.
३. देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत आणि पितळी बाळकृष्ण. बाळकृष्ण आजेसासूबाईंच्या आईचा, म्हणजे नक्की किती जुना ते कोणालाच माहीत नाही.
४. सासऱ्यांच्या आजोबांच्या हातची एक पोथी.
५. लाकडी पाट, विळी, सूप, रोवळी.
६. मुलाची सायकल आणि नवऱ्याचे ट्रेकचे बूट.

पॅकर म्हणतो, 'सगळं जातं मॅडम, टेन्शन घेऊ नका.' त्यामुळेच जास्त टेन्शन आलंय.

---

बंदरकाठ

मी न्हावा शेवाला क्लिअरिंगच्या कामात बावीस वर्षं आहे. भारतातून बाहेर जाण्याची बाजू मी लिहितो. बहुतेक लोक पोचण्याच्या देशाचे नियम वाचतात आणि निघण्याचे विसरतात.

मनवाताई, तुमचा प्रश्न ३ आणि ४ सगळ्यांत महत्त्वाचे आहेत. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे. त्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू होते. हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात, त्याला ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मोल असेल तर. पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरची असली, वारशाने आलेली असली तरी नाही. वस्तू जुनी दिसते पण तेवढी जुनी नाही, असं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला काढावा. तज्ज्ञ वस्तू प्रत्यक्ष बघतात आणि मग दाखला देतात. हे काम आजच सुरू करा, निघायच्या आठवड्यात होत नाही.

माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट. एका कुटुंबाच्या सामानात पितळी समई होती, यादीत लिहिलं होतं 'जुनी समई, पणजीची'. अधिकाऱ्यांनी ते वाचलं आणि आख्खा माल बाजूला काढला. समई मुळात चाळीस-पन्नास वर्षांचीच होती, पणजीच्या आठवणीसाठी पुढच्या पिढीने घेतलेली. पण ते सिद्ध करेपर्यंत त्यांचं जहाज गेलं. यादीत भावना लिहू नका. वस्तू कशाची, किती, वापरलेली, अंदाजे किंमत, बस.

कागद : पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा आणि पॅकिंग लिस्ट. यावरून सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करणारा एजंट, शिपिंग बिल (माल बाहेर नेण्याचा कस्टम्सचा कागद) भरतो. वापरलेल्या घरसामानावर जाताना कुठलाही कर नाही.

मोरपिसं घालू नका, फ्लॉवरपॉटमधलीसुद्धा. त्यांची निर्यात बंद आहे. चंदनाची खोडं, ढलप्या जात नाहीत. हस्तिदंताचं काहीही, अगदी जुन्या वाद्यावरची पट्टीसुद्धा, अजिबात नाही. दागिने कंटेनरमध्ये कधीच नाही. ते अंगावर किंवा हातातल्या बॅगेत, आणि जड दागिने परत आणायचे असतील तर विमानतळावर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर परत येताना ते इथलेच आहेत हे सांगत बसावं लागतं.

आणखी एक, काचेच्या टेबलाला किंवा वाद्याला फळ्यांची पेटी करतात ना, ती पेटी मारणाऱ्याला विचारा की लाकडावर गव्हाच्या कणसाचा शिक्का आहे का. पॅकिंगचं कच्चं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवून कीड मारलेलं लागतं, किंवा तितकीच मान्य असलेली दुसरी प्रक्रिया केलेलं. त्याचा तो आंतरराष्ट्रीय शिक्का. कोपऱ्यावरच्या सुताराकडून केलेल्या पेटीला तो नसतो, आणि पेटीपायी आतली वस्तू अडकते.

---

शेवंती

बंदरकाठ, शंभर वर्षांचं मलाही माहीत नव्हतं. आमच्या घरी एक जुना पानाचा डबा होता, तो मी फक्त जागेअभावी मागे ठेवला.

मनवा, रागवायचं काय गं त्यात. मला माहीत आहे तेवढं सांगते.

तानपुरा माझ्या मैत्रिणीने आणला. भोपळा म्हणजे वनस्पतीच, त्यामुळे फॉर्मवर लिहायचा आणि यादीतही 'तंतुवाद्य, लाकूड व वाळका भोपळा, पॉलिश केलेला' असं स्पष्ट लिहायचं. ते बघतात ते कीड. बारीक भोकं, भुगा, साल राहिलेली. तिने आधी मिरजेला नेऊन तपासून घेतला, एका जोडाला जुनी भोकं होती ती भरून पॉलिश करून घेतली. तपासणीत दहा मिनिटांत झालं म्हणाली.

तबल्याची पुडी बकरीच्या कातड्याची असते, ती लिहायलाच हवी. कातडं स्वच्छ, केस नसलेलं, कीड नसलेलं. तबल्याखालच्या गादीच्या चिंध्या सोडून बघ. आमच्या एका ओळखीच्यांच्या गादीतून झुरळाची अंडी निघाली.

पाट, विळी चालतात. साल नको, भोकं नकोत, भेगेत पीठ-धान्य नको. विळीच्या खाचेतलं वाळलेलं खोबरं टाचणीने काढ. सूप आणि रोवळी मी आणली नाही. विणीत दाणे अडकतात ते कितीही झटकलं तरी राहतात, आणि बांबूला किडा लागतोच. तुझ्या जागी मी ती ठेवून जाईन. केरसुणी तर नकोच.

सायकल आणि बूट धू, आणि वाळव. टायरच्या खाचा, पेडलचा खालचा भाग, बुटाच्या तळव्याच्या नक्षीतली सह्याद्रीची माती. आम्ही जुना टूथब्रश घेऊन दोन संध्याकाळी बसलो होतो. व्हॅक्यूम क्लीनर नेणार असशील तर पिशवी रिकामी कर. गोवऱ्या, भस्माची डबी, गावची माती यातलं काही नको.

---

राईनकाठी

जर्मनीचं लिहिते, चार वर्षांपूर्वी ठाण्याहून ड्युसेलडॉर्फ.

युरोपियन युनियनमध्ये नियम एकच आहे. आधीचे किमान १२ महिने तुम्ही युनियनबाहेर राहिलेले हवेत, वस्तू किमान ६ महिने वापरलेली हवी, आणि तिकडे राहायला आल्यापासून १२ महिन्यांत सामान आलं पाहिजे. करमाफीने आणलेली वस्तू पुढचे १२ महिने विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, उधारही द्यायची नाही. जर्मन कस्टम्सचा फॉर्म ०३५०. तो भरताना पत्ता नोंदवल्याचा दाखला मागतात, म्हणजे आन्मेल्डुंग. इथेच लोक अडकतात. घर मिळत नाही म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणून सामान हाम्बुर्गला पडून राहतं आणि गोदामाचं भाडं चढत जातं. पक्कं घर मिळाल्यावरच माल जहाजावर चढवा. आम्ही उलट केलं आणि पाच आठवड्यांचं भाडं भरलं.

दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून आणायला इथे बंदी आहे. तूप त्यातच. आईने कढवलेलं साजूक तूप मी विमानतळावर टाकून दिलंय, ते आठवलं की अजून गलबलतं. मध मात्र दोन किलोपर्यंत चालतो.

---

थेम्सतीर

यूकेवाल्यांसाठी. 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स', म्हणजे राहायचा देश बदलणाऱ्यांची सवलत मिळवायला टीओआर-१ हा अर्ज ऑनलाइन आधी करायचा. मंजूर झाला की एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो शिपिंगवाल्याला द्यायचा. क्रमांक हातात आल्याशिवाय माल हलवू नका, कारण तो नसेल तर बंदरात आधी ड्यूटी आणि व्हॅट भरा आणि मग परताव्याच्या मागे लागा अशी वेळ येते. अटी वर राईनकाठी यांनी लिहिल्या तशाच : १२ महिने बाहेर वास्तव्य, ६ महिने वापर, १२ महिने विकायचं नाही. दारू आणि तंबाखू सवलतीत नाहीत.

शिकायला येणाऱ्या मुलांच्या कपड्यालत्त्यासाठी, खोलीच्या सामानासाठी वेगळी सवलत आहे, ती बघा.

---

हिमफूल

कॅनडा. इथली एक गोष्ट सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते. सामान मागून येणार असेल तर त्याची यादी पहिल्यांदा उतरता त्याच दिवशी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला द्यायची असते. 'गुड्स टू फॉलो', म्हणजे मागाहून येणाऱ्या वस्तू. फॉर्म बीएसएफ १८६. त्यावर शिक्का घ्यायचा आणि तो कागद जपायचा. सामान येईल तेव्हा तोच दाखवायचा.

आम्ही टोरोंटोला उतरलो तेव्हा रात्रीचे दोन, मुलगी रडत होती, अधिकाऱ्याने विचारलं आणखी काही सामान? नवरा म्हणाला नाही. त्याच्या डोक्यात समोरच्या पट्ट्यावरच्या बॅगाच होत्या. नंतर ते निस्तरायला किती फेऱ्या झाल्या ते आठवत नाही, आठवावंसंही वाटत नाही. यादी टाइप करून, दोन प्रती, पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा. एखादी वस्तू १०,००० कॅनेडियन डॉलरपेक्षा महाग असेल तर वरच्या रकमेवर कर लागतो.

---

सॅनहोजेकर

अमेरिका थोडक्यात. इथल्या कस्टम्सचा, म्हणजे सीबीपीचा, फॉर्म ३२९९. घरसामान परदेशात किमान एक वर्ष वापरलेलं असेल तर ड्यूटी नाही. जहाजाने येत असेल तर आयातीची सुरक्षा माहिती, ज्याला सगळे आयएसएफ म्हणतात, ती माल भारतात जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी भरलेली लागते. एजंट विसरला तर दंड तुमच्या नावावर येतो, म्हणून त्याला लेखी विचारा.

आणि मिक्सर-गीझर-इस्त्री आणू नका. इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ऑस्ट्रेलिया-यूके-युरोपात आपल्यासारखाच २३० व्होल्टचा पुरवठा आहे, तिथे फक्त पिन बदलून चालतं.

माझं मत विचाराल तर काही आणूच नका. भाडं, तपासणी, बंदराचे पैसे मिळून जेवढं होतं तेवढ्यात इथे जुन्या वस्तूंच्या बाजारात घर उभं राहतं.

---

शेवंती

सॅनहोजेकर, फर्निचरबद्दल तुमचं अगदी पटतं. आम्हीही सोफा, कपाट, पलंग काही आणलं नाही. पण सगळंच आणू नका हे मला नाही पटत. माझ्या मुलीने इथे पहिल्या दिवाळीला आजीच्या पाटावर बसून अभ्यंगस्नान केलं. तो पाट इथे कुठल्या बाजारात मिळणार? भाड्याचा हिशेब वजन आणि जागा बघून करा, हे मान्य. पण काय आणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

---

बंदरकाठ

पैशांबद्दल दोन शब्द, कारण भांडणं इथेच होतात.

तुमचं सामान आख्ख्या कंटेनरएवढं नसेल तर ते इतरांच्या मालाबरोबर जातं. दर घनमीटरवर. एजंट जो आकडा सांगतो तो बहुतेक वेळा तिथल्या बंदरापर्यंतचा असतो. तिथला हाताळणी खर्च, डिलिव्हरी ऑर्डर, गोदाम, तपासणी फी, घरपोच गाडी हे वेगळं. 'डोअर टू डोअर' म्हणाला तरी कोटेशनवर कुठल्या गोष्टी धरलेल्या नाहीत ते लिहून घ्या. भारतातला दर फार कमी दिसला तर समजा की उरलेले तिकडे वसूल होणार. माल ताब्यात असलेल्या माणसाशी घासाघीस करता येत नाही.

एकत्र मालात आणखी एक जोखीम असते. दुसऱ्याच्या खोक्यात कीड निघाली तर तुमचंही थांबतं. ते टाळता येत नाही, म्हणून पोचल्यावर पहिले दोन-अडीच महिने लागेल ते सगळं विमानाने बरोबर न्या. रोजची औषधं तर कंटेनरमध्ये टाकूच नका. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत.

विमा : स्वतः भरलेल्या खोक्यांना तुटफुटीचा विमा बहुतेक कंपन्या देत नाहीत, माल पूर्ण बुडाला-हरवला तरच देतात. काचसामान पॅकरकडून भरून घ्या, पण समोर उभं राहून.

---

तळेगावकर

शिसवी लाकडाचं कोणी लिहिलं नाही. आमच्या घरचा झोपाळा शिसवीचा, तो मुलाला पर्थला हवा होता. चौकशी केली तेव्हा कळलं की शिसव-शिसम ज्या गटात येतात तो डालबर्जियाचा जवळजवळ सगळा गट २०१७ पासून वन्यजीव-वनस्पती व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहे. तयार वस्तूतलं असं लाकूड दर वस्तूला १० किलोपर्यंत असेल तर परवान्यातून सूट आहे, आणि तयार वाद्यांनाही २०१९ पासून सूट आहे. म्हणजे मनवाताईंच्या तबल्याचा दायाँ शिसमचा असला तरी त्या अंगाने काळजी नाही. आमच्या झोपाळ्याची फळीच चाळीस किलोच्या वर. परवान्याच्या मागे लागायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी झोपाळा इथेच राहिला. कड्या मात्र पितळी, त्या मुलगा घेऊन गेला. त्याने तिकडे फळी करून घेतली.

---

मनवा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय केलं ते लिहिते, पुढच्या कोणाला उपयोग होईल.

बाळकृष्ण पुरातत्त्ववाल्यांना दाखवला. सोबत टाकही नेले. टाक आमच्या लग्नाच्या वेळी नव्याने घडवलेले, त्यांची सोनाराची पावती सापडली. बाळकृष्णाबद्दल त्यांनी दोनदा बोलावलं, शेवटी दाखला मिळाला. एवढा काळ तो त्यांच्या टेबलावर होता तेव्हा सासूबाई घरी जेवल्या नाहीत, मी घरी येऊन सांगितलं तेव्हा पान वाढून घेतलं.

पोथी नेत नाही. शेवटच्या पानावर लेखनाचं वर्ष होतं, शके १८४१, म्हणजे १९१९. प्रश्नच मिटला. काकांकडे नाशिकलाच राहील. मी आणि सासऱ्यांनी मिळून तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला, २१४ पानं, तीन दुपारी लागल्या. सासरे पान उलटायचे, मी फोटो काढायचे. त्यांनी ती वाचलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

आणि घड्या उलगडल्या, शेवंतीताई. सगळ्या. मला वाटलं होतं माझ्याकडे काही निघणार नाही, कारण मी ओटीची पिशवी ठेवत नाही. माझ्या लग्नाच्या शालूच्या पदराच्या आतल्या बाजूला, जरीच्या दोऱ्यांत, अकरा अक्षता निघाल्या. मुलाच्या मुंजीच्या सोवळ्यात सहा. तानपुऱ्याच्या खोळीच्या शिवणीत दोन, त्या कशा आल्या असतील देव जाणे, गुरुपौर्णिमेच्या असतील. सगळ्या एका वाटीत जमवल्या. खालच्या बागेत नेऊन टाकल्या.

खोकी स्वतः भरली, काचसामान पॅकरने भरलं. ३३ खोकी. प्रत्येक खोक्याची यादी आत एक, बाहेर एक, माझ्याकडे एक. काल न्हावा शेवाला गेलं.

---

मनवा

(साडेतीन महिन्यांनी)

सामान आलं. तानपुरा, तबला, पाट यांची खोकी उघडून तपासली होती, पुन्हा टेप लावलेली होती. काही काढून घेतलेलं नाही. तपासणीची फी आधी सांगितली होती तेवढीच. नवऱ्याच्या बुटांना एक चिठ्ठी होती, 'पुन्हा स्वच्छ केले'. म्हणजे आमच्या टूथब्रशातून काही राहिलंच होतं.

तानपुऱ्याच्या दोन तारा तुटल्यात, भोपळा शाबूत आहे. इथे जवारी काढून देणारं कोणी ब्रिस्बेनमध्ये माहीत असेल तर कळवा. पुरणयंत्राची बारीक जाळी मात्र कुठल्याच खोक्यात नाही, यादीतही नाही. ती नाशिकलाच ओट्याखालच्या डब्यात राहिली. आई पुढच्या महिन्यात येतेय, तिला सांगितलंय की पर्समध्ये ठेव आणि नीट धुऊन आण, भोकांत डाळ राहू देऊ नकोस.